शेल्टरमधला वयानं मोठा, प्रेमळ कुत्रा घरी आणायचाय? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण शेल्टरवर जातो. कुणी कुत्र्यांना फिरवून आणतं, कुणी गोचीड काढत बसतं, आणि माझ्या वाट्याला बहुतेक वेळा फोन येतात. तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकले की शेवटी उत्तरं लिहूनच काढली. माझ्या घरी चादर नावाची कुत्री आहे. चार वर्षांची असताना आली, आणि पहिल्याच दिवशी फरशीवर अशी पसरली की नाव शोधायची गरजच पडली नाही. पुढची बरीच उत्तरं तिनंच शिकवलेली आहेत.

पिल्लू नाही का ओ? आम्हाला लहानच पाहिजे होतं.

जवळपास प्रत्येक फोनची सुरुवात हीच. पिल्लू गोड असतं, मान्य. पण दोन महिन्यांचं पिल्लू मोठं होऊन बारा किलोचं होणार की पंचवीस, शांत निघणार की दिवसभर भुंकणार, हे कुणी छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय चार महिन्यांचं होईपर्यंत लसींची फेरी, पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या रोगाची भीती, रात्रीचं रडणं, चपला आणि चार्जरच्या वायरी. घरात दिवसभर माणूस नसेल तर पिल्लाचे फार हाल होतात.

तीन-चार वर्षांचा कुत्रा वाढून झालेला असतो. त्याची उंची, भूक, आवाज, माणसांशी वागणं, सगळं समोर दिसतं. फक्त ते बघायला वेळ काढावा लागतो, आणि लोक नेमकं तेच करत नाहीत. मोबाइलवर फोटो बघतात, “हाच द्या” म्हणतात.

“प्रेमळ आहे” असं शेल्टरवाले म्हणतात. ते खरं कसं मानायचं?

मानू नका, बघा. प्रेमळ हा शब्द आम्हीही सढळ हातानं वापरतो, कारण जागा कमी आणि कुत्री जास्त असतात. एकदा येऊन ठरवू नका. निदान तीनदा या, वेगवेगळ्या वेळी, आणि त्यातली एक वेळ खाणं वाटायची असू द्या. जाळीच्या आत भुंकून थैमान घालणारा कुत्रा बाहेर आणल्यावर मांजरासारखा पायाशी बसतो, हे मी अनेकदा पाहिलंय. उलटंही पाहिलंय.

बाहेर मोकळ्या जागेत आणायला सांगा आणि तुम्ही एका बाजूला तोंड करून खाली बसा. हाक मारू नका, हात पुढे करू नका. तो आपण होऊन आला, अंग सैल सोडून कमरेपासून शेपूट हलवत आला, तर चांगलं. शेपूट ताठ उभी ठेवून नुसतं टोक हलवत असेल तर ती मैत्रीची खूण नाही. शेपूट हलली म्हणजे खूश, हा समज डोक्यातून काढायला हवा.

जवळ आला की डोक्यावरून हात फिरवायचा मोह आवरा. हनुवटीखाली किंवा छातीवर तीन-चार सेकंद खाजवा आणि थांबा. तो अंगाशी आणखी घसटला तर त्याला ते हवंय. मान वळवली, ओठ चाटले, जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला, तर तो “पुरे” म्हणतोय. असं शांतपणे सांगणारा कुत्रा वाईट अजिबात नसतो. उलट मला असे कुत्रे आवडतात, कारण ते चावण्याआधी चार वेळा सांगतात.

आणि पिंजरे झाडणाऱ्या मावशींना विचारा. संस्थेचा अध्यक्ष काय सांगतो त्यापेक्षा रोज आत शिरणाऱ्या बाईला जास्त माहीत असतं. कोण खराटा दिसला की आकसतो, कोण हेल्मेटवाल्या माणसावर धावतो, कोण ताटलीजवळ कुणी आलं की गुरगुरतो, हे त्या एका दमात सांगतील.

अंगावर उड्या मारणारा, तोंड चाटणारा कुत्रा सगळ्यांना पटकन आवडतो. एकदा मागे भिंतीशी बसलेल्याकडेही बघा. चादर तिथेच बसली होती.

कुत्र्याचं वय तुम्ही सांगता ते पक्कं असतं का?

नाही. सात महिन्यांपर्यंत कुत्र्याचे पक्के बेचाळीस दात आलेले असतात. त्यानंतर वय सांगायचं म्हणजे दातांची झीज आणि त्यावरचा पिवळा थर बघून केलेला अंदाज. सहा-सात वर्षांनंतर डोळ्यांत निळसर झाक दिसू लागते, तिचाही आधार घेतात. रस्त्यावर दगड आणि हाडं चावलेल्या कुत्र्याचे दात लवकर झिजतात, म्हणून तो असतो त्यापेक्षा म्हातारा वाटतो. “तीन वर्षं” म्हटलं की दोन ते पाच समजा.

जात कोणती?

बहुतेक सगळी आपली गावठी. पंधरा-वीस किलोची, आखूड केसांची, आपल्या उन्हाला त्यातल्या त्यात सरावलेली. कधीतरी उंच, सडपातळ, कारवान, म्हणजे मुधोळ जातीच्या वळणाचा कुत्राही येतो. पलीकडं कर्नाटकातलं मुधोळ काही फार लांब नाही, आणि आपल्याकडच्या धनगरांकडं, शेतकऱ्यांकडं ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुधोळ कुत्र्याचं तर २००५ साली टपाल तिकीटही निघालंय. पण हा धावणारा कुत्रा आहे. दोन खोल्यांच्या घरात तो कोंडला जातो, आणि समोरून मांजर गेलं की पट्टा धरणारा माणूस आडवा होतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड हेही येतात, बहुधा कुणीतरी हौस फिटल्यावर सोडून दिलेले.

आणण्याआधी तब्येतीचं काय काय विचारायचं?

कागद मागा. रेबीजची लस कधी दिली, नऊ रोगांची एकत्र लस दिली का, जंताचं औषध शेवटचं कधी, नसबंदी झाली का. कानाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असेल तर पालिकेच्या किंवा संस्थेच्या मोहिमेत ऑपरेशन झालेलं आहे, एवढं त्यावरून कळतं. लसीबद्दल मात्र कागदच बघायचा.

दोन गोष्टी शेल्टरवाले आपण होऊन सांगतीलच असं नाही. एक, गोचिडाचा ताप. आपल्या भागात हा वर्षभर असतो. कुत्रा मलूल, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, अशी लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. घरी न्यायच्या आधी एकदा रक्त तपासून घ्या. वेळेत कळला तर औषधानं बरा होतो. दुसरी गोष्ट, रस्त्यावरच्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी जननेंद्रियाची गाठ. लघवीच्या जागेतून रक्त ठिबकत असेल तर लोक ती माजावर आली समजतात. ही गाठ दर आठवड्याला एक इंजेक्शन अशा काही आठवड्यांत बहुतेकदा पूर्ण जाते, पण उपचार संपल्यावरच कुत्रा घरी न्यावा.

नसबंदी झाली नसेल तर करून घ्या. कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा आजार त्यानं टळतो. तो आजार जिवावर बेततो.

आमच्या गल्लीतलंच एक गरीब कुत्रं आहे. तेच घेतलं तर?

उत्तम. शेल्टरमधल्या कुत्र्यापेक्षा त्याला तुम्ही जास्त ओळखता. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना पालिकेकडं अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल असं म्हटलंय, आणि तो पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची, असंही. म्हणजे दिवसा घरात आणि रात्री गल्लीत, याला दत्तक म्हणत नाहीत.

सोसायटीत परवानगी नाही म्हणतात.

सोसायटीला असा ठराव करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत: बहुमतानं ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. तुम्ही मात्र जिन्यात पट्टा धरायचा, घाण उचलायची. कायद्याचा कागद घेऊन भांडायला जाण्याआधी सेक्रेटरींच्या घरी कुत्र्याला घेऊन चहाला जा. जुळे सोलापुरात एका घरी असंच जमलं. आता त्याच सेक्रेटरीबाई त्याच्यासाठी बिस्किटं ठेवतात (बिस्किटं नकोत, हे सांगायची हिंमत अजून कुणाला झालेली नाही).

भाड्याच्या घरात मात्र मालकाची लेखी संमती आधी घ्या. आणल्यावर नको.

घरात देवघर आहे, आजींना चालणार नाही.

मग आजींना सोबत घेऊन या. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आहेतच, आणि अक्कलकोट इथून तासाभरावर. हा युक्तिवाद मी केलाय, कधी चाललाय, कधी आजींनी मलाच गप्प केलंय. देवघर आणि स्वयंपाकघराला लाकडी फळी आडवी लावली तर मोठा कुत्रा दोन-तीन आठवड्यांत ती हद्द शिकतो. पण घरातल्या एका माणसाचा मनापासून विरोध असेल तर आणू नका. मोठा कुत्रा तो विरोध रोज ओळखतो.

शेतावर राखणीला पाहिजे. मिळेल?

बहुधा नाही म्हणतील, आणि माझ्या मते बरोबर म्हणतील. शेल्टरमधून प्रेमळ म्हणून निवडलेला कुत्रा चोराच्याही पायाशी लोळेल. दुसरं म्हणजे वस्तीवर चोवीस तास साखळीला बांधणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आणि बांधलेला कुत्रा हा बिबट्याचा सोपा घास. करमाळा तालुक्यात २०२० च्या डिसेंबरात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून लोक वस्तीवर सावध झालेत, पण कुत्रं अजून बाहेरच बांधतात.

माणसं शेतावरच राहत असतील, कुत्रा रात्री आत झोपणार असेल, तर गोष्ट वेगळी. तुमचं शेत नान्नज, वडाळा, मार्डी भागात असेल तर आणखी एक अट माझी स्वतःची. तिथल्या माळावर लांडगे आहेत. माळढोक पक्षी जवळजवळ गेला, लांडगे अजून टिकून आहेत. गावातल्या कुत्र्यांकडून त्यांना डिस्टेंपरसारखे रोग जातात, आणि कुत्र्या-लांडग्यांचा संकरही होतो. तेव्हा त्या भागात लस न दिलेला, नसबंदी न केलेला कुत्रा मोकळा सोडू नका.

पहिल्या दिवशी काय करायचं?

शक्य तितकं कमी. सकाळी आणा, म्हणजे दिवस हाताशी राहतो. अंघोळ नको, पाहुणे नकोत, शेजारच्या मुलांची रांग तर मुळीच नको. एक कोपरा ठरवा, तिथं गोधडी आणि पाणी ठेवा आणि तुम्ही तुमच्या कामाला लागा. त्यानं दिवसभर खाल्लं नाही तर घाबरू नका. दोन दिवस उलटूनही तोंडाला काही लावलं नाही तर डॉक्टर. काही कुत्री पहिले बारा-चौदा तास लघवीसुद्धा करत नाहीत.

सगळ्यात जास्त कुत्री पळतात ती पहिल्या पंधरा दिवसांत. फटाका वाजला, दार उघडं राहिलं, मानेतून पट्टा निसटला, संपलं. म्हणून या काळात गळ्यात पट्टा आणि छातीला हार्नेस, दोन्हीला दोरी. गळ्याच्या पट्ट्यात दोन बोटं जातील इतकीच ढील. पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर पहिल्याच दिवशी. पळालाच तर मागे धावू नका, कारण तो आणखी जोरात धावेल. खाली बसा, पाठ फिरवा, खाण्याची पिशवी वाजवा.

साधारण तीन दिवस भांबावलेला, तीन आठवड्यांत घरचं वेळापत्रक कळलेला, तीन महिन्यांत घरचा, असा ढोबळ हिशोब सांगतात. तिसऱ्या आठवड्यात मला दर वेळी एक फोन येतो: “आधी किती शांत होता, आता भुंकायला लागलाय!” अहो, तो शांत नव्हता, घाबरलेला होता. आता त्याला घर आपलं वाटायला लागलं म्हणून दारावर भुंकतोय. चादर पहिले अठरा दिवस एकदाही भुंकली नाही. एकोणिसाव्या दिवशी गॅस सिलिंडरवाल्याला पाहून जी सुरू झाली ती आजतागायत.

घरात शी-शू करेल का?

एक-दोनदा करेल. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि झोपायच्या आधी ठरलेल्या जागी न्या, झाली की लगेच शाबासकी. मोठा कुत्रा पिल्लापेक्षा फार लवकर शिकतो. नाक घासणं, मारणं यातून तो इतकंच शिकतो की तुमच्यासमोर करायची नाही, सोफ्यामागे करायची. फिनेल नको, त्याचा त्यांना त्रास होतो. पाण्यात व्हिनेगर घालून पुसा.

खायला काय? आम्ही भाकरी देऊ.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आहाराच्या दृष्टीनंही नामदेवांचं बरोबर होतं, नुसती भाकरी पुरत नाही. मी तूप नाही सांगणार, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर अंडी, चिकन, थोडी कलेजी असं काहीतरी हवं. पोटाचा जास्त भाग प्रथिनांनी भरला पाहिजे, भाकरी-भात तोंडी लावण्यापुरता. दूध-भाकरी ही आपली आवडती चूक. मोठ्या कुत्र्यांना अनेकदा दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि लोक म्हणतात शेल्टरमधूनच आजारी आला.

पंधरा किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. विकतचं कोरडं खाद्य असेल तर अडीचशे ग्रॅमच्या आसपास, दोन वेळांत वाटून. पिशवीवरचा तक्ता बघा, कारण प्रत्येक खाद्याचा हिशोब वेगळा. पहिला आठवडा शेल्टरमध्ये जे खात होता तेच द्या, मग हळूहळू बदला.

कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं कधीच नाहीत. म्हणजे आपला काळा मसाला घातलेला रस्सा नाही आणि शेंगाचटणीही नाही. शेंगदाण्यानं काही होत नाही, पण चटणीतल्या लसणानं आणि तिखटानं होतं. हे सांगितलं की सोलापुरात लोक माझ्याकडं दयेनं बघतात.

तापाची, अंगदुखीची माणसांची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका. आयबुप्रोफेनची एक गोळीसुद्धा महागात पडते.

आमच्या घरी मांसाहार होत नाही.

अडत नाही. कुत्रा मांजरासारखा पूर्ण मांसावर अवलंबून नसतो. तयार शाकाहारी खाद्य मिळतं. पनीर चालतं, अंडं चालत असेल तर सोन्याहून पिवळं. वरण-भातावर मात्र वर्षानुवर्षं ठेवू नका. कोरडं खाद्य घरात आणणं काहींना चालतं, शिजवणं चालत नाही, हा मधला मार्ग बऱ्याच घरांनी काढलाय.

उन्हाळ्यात कसं करायचं?

हा खरा सोलापुरी प्रश्न. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांतून थोडासा, बाकी सगळी भिस्त धापेवर. हवाच तापलेली असली तर धाप लागूनही अंग निवत नाही.

फिरायला पहाटे सहाच्या आत-बाहेर, आणि संध्याकाळी आठनंतर. डांबरी रस्त्यावर हाताचा मागचा भाग सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला नाही टेकवता आला तर त्याचे पंजेही भाजणार. विजापूर रोडला सायंकाळी साडेसहाला रस्ता अजून तव्यासारखा असतो. पत्र्याच्या घरात दुपारी कुत्रा एकटा ठेवू नका. गच्चीवर तर नाहीच, सावली असली तरी नाही. ओलं गोणपाट, फरशीवर मोकळी जागा, पंखा, शक्य असल्यास कूलर. लहान मुलांची दोन फूट उंचीची प्लास्टिकची टब अर्धी भरून ठेवली तर काही कुत्री दुपारभर त्यातच बसतात. चादर त्यात फक्त पुढचे दोन पाय ठेवते आणि आमच्याकडं बघत राहते.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या पुढे गेलं की धोका. लाळ घट्ट, जीभ गडद लाल, पाय लटपटतायत, उलटी होतेय, तर आधी अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि ओल्या अंगानंच डॉक्टरकडं न्या. आधी थंड करायचं, मग न्यायचं. रिक्षा शोधण्यात गेलेली दहा मिनिटं नडतात.

नळाला रोज पाणी नाही, त्यात कुत्रा?

पंधरा-वीस किलोच्या कुत्र्याला पिण्यासाठी दिवसाला लिटरभर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी येण्याच्या दिवसांचा हिशोब आपण ठेवतोच, त्यात एक कळशी वाढवा. अंघोळ महिन्यातून एकदा पुरे, गावठी कुत्र्याला तर तीही जास्त होते. पाण्याचं भांडं मातीचं परळ असेल तर पाणी थंड राहतं, आणि उलथतही नाही.

दिवाळीत आणि गड्ड्याला फटाके असतात. कुत्रं घाबरतं.

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतलं शोभेचं दारूकाम माणसांना कितीही आवडलं तरी कुत्र्यांना ते आभाळ फाटल्यासारखं वाटतं. त्या दिवसांत संध्याकाळ व्हायच्या आधी फिरवून, खायला घालून घ्या. आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा टीव्ही चालू. पलंगाखाली गेला तर तिथंच राहू द्या, ओढून बाहेर काढू नका. जवळ घेतल्यानं भीती वाढते ही जुनी समजूत. तो जवळ आला तर खुशाल जवळ घ्या. फार थरथरणाऱ्या कुत्र्याला डॉक्टर गोळी देतात, पण ती सणाच्या आठवडाभर आधी विचारून ठेवायची, लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन करून नव्हे.

लहान मुलं आहेत. चालेल का?

मुलं कशी आहेत त्यावर. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, खाताना जवळ जायचं नाही, मिठी मारायची नाही, अंगावर बसायचं नाही. हे चार नियम मूल पाळत असेल तर चालेल. पाच वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रा एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय एक मिनिटही नको, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

गल्लीतली कुत्री नव्याला टिकू देतील?

सुरुवातीला गोंधळ होणार. आठवडाभर त्यांचा रस्ता टाळा, थोडं लांबून जा. पट्टा ताणून धरला की तुमच्या कुत्र्यालाही ताण जाणवतो आणि भांडण सुरू होतं. काठी घेऊन निघालात तर गल्लीतली कुत्री काठीवरच भुंकतील, आणि तुमचा कुत्रा आधी कधी मार खाल्लेला असेल तर तोही.

चावला तर?

घरचा, लस दिलेला असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. मिरचीपूड, चुना, हळद काही लावू नका. मग लगेच सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आता पोटात चौदा इंजेक्शनं नसतात, दंडात चार-पाच डोस असतात. रक्त आलं असेल तर जखमेभोवती सिरम (लगेच संरक्षण देणारं रेबीजविरोधी इंजेक्शन) द्यायचं का हे डॉक्टर ठरवतात, ते विचारायला लाजू नका. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण त्यासाठी आपली लस थांबवायची नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर इलाज नाही.

पैसे किती लागतात?

कुत्र्याचे नाही लागत. काही संस्था लस-ऑपरेशनचा नाममात्र खर्च घेतात, पावती देतात. पुढचा महिन्याचा खर्च आमच्या घरी अडीच-तीन हजारांत बसतो, त्यात खाणं आणि गोचिडाचं औषध आलं. वर्षातून एकदा लसी. रेबीजची लस दर वर्षी, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. अचानक दवाखाना लागला तर चार-पाच हजार बाजूला असू द्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बरंच स्वस्तात होतं.

मोबाइलवर “लॅब्रेडॉर दत्तक, फक्त गाडीभाडं पाठवा” असं कुणी म्हणालं तर ते दत्तक नाही. आधी यूपीआयनं पैसे, मग कुत्रा, असं सांगणाऱ्याकडं कुत्रा नसतोच. खरी संस्था उलट तुम्हालाच प्रश्न विचारते, घर बघायला येते, ओळखपत्राची प्रत आणि सही घेते. लोकांना याचा राग येतो. येऊ दे.

पुण्याच्या शेल्टरमधला आवडलाय. आणता येईल?

येईल. स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीनं पाच-सहा तास, मध्ये भिगवण-टेंभुर्णीला उतरवून पाणी आणि लघवी. निघायच्या चार तास आधीपासून पोटभर खायला घालू नका. रेल्वेनं न्यायचं तर एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा गार्डच्या डब्यातली पेटी. घाबरलेल्या नव्या कुत्र्याला त्या पेटीत टाकू नका. पण एवढ्या लांबून आणायच्या आधी तीनदा बघायला जाणं होणार आहे का, हे स्वतःला विचारा. सोलापुरातही वाट बघणारी आहेत.

नाही जमलं तर?

परत आणा. शेल्टरला फोन करा, त्यांना चार दिवस द्या, जागा होईपर्यंत सांभाळा आणि परत आणा. कुणी ओरडणार नाही, निदान मी तरी नाही. होटगी रोडला किंवा एखाद्या गावाबाहेर सोडून येऊ नका. पाळलेला प्राणी सोडून देणं गुन्हा आहे. त्या १९६० च्या कायद्यात पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये, हेही सांगून टाकते. एवढ्या पैशांत आज वडापावसुद्धा दोनच येतात.

परत आणताना काय बिनसलं ते खरं सांगा. “मांजरावर धावला”, “सासऱ्यांना चावायला गेला”, जे असेल ते. त्यावरूनच त्याला पुढचं योग्य घर मिळतं.

शेल्टरमध्ये ठेवलेलं नाव बदललं तर त्याला कळेल का?

कळतं, आठवड्याभरात. नव्या नावानं हाक मारा, लगेच काहीतरी चविष्ट द्या, बस्स. रागावताना मात्र नाव घेऊ नका. चादरचं शेल्टरमधलं नाव राणी होतं. समोरचे काका पहिल्या दिवशी ते ऐकून गेले आणि आजही गेटवर उभे राहून “काय बे राणी” म्हणतात. ती त्यांनाही शेपूट हलवते.